रिकाम्या ओळी

सोमवार, ३ मार्च

आजपासून आमच्या डायलिसिस विभागाची फाईल माझ्या ताब्यात. अकरा वर्षं आमच्या सीनियर ताई त्या कॉम्प्युटरसमोर अशा बसायच्या, जणू दुसऱ्या कुणी बोट लावलं तर मशीनं बंद पडतील. शुक्रवारी रिटायर झाल्या आणि जाता जाता पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात ठेवला. शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला. म्हणाल्या, "सावकाश बघ. काही हलवण्याआधी मला फोन कर." मी हो म्हटलं. करणार नाही.

आठ वर्षांपूर्वी एक बाटली चुकीची लावली म्हणून याच बाईंनी मला सगळ्या पेशंटसमोर झापलं होतं. एकवीस मिनिटं. घड्याळ समोरच होतं, म्हणून माहीत आहे. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं.

ऑफिसने नवा कॉम्प्युटर दिलाय आणि नवी फाईल, त्यांच्या रंगाची, त्यांच्या रकान्यांची. ताईंच्या फाईलमधला सगळा मजकूर त्यात आणायचा. महिनाअखेरची मुदत आहे. नवरा म्हणाला, "म्हणजे इकडून उचलून तिकडे टाकायचं ना?" बस चालवणाऱ्या माणसाला सगळंच इकडून तिकडे वाटतं.

मंगळवार, ४ मार्च

फाईल नीट पाहिली. दोन शीट आहेत. एकाचं नाव 'यादी'. त्यात प्रत्येक पेशंटचं ड्राय वेट, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसताना जे वजन असायला हवं ते. दुसरं 'आज'. त्यात नाव, पेशंटचा नंबर आणि आजचं वजन. आजच्या वजनातून ड्राय वेट वजा केलं की मशीनने किती पाणी काढायचं ते आपोआप येतं. आम्ही तो आकडा बघतो, मशीनवर लावतो, मोकळे.

फॉर्म्युला पाहून हसूच आलं. तो नाव बघतच नाही. पेशंटचा नंबर तीस असेल, तर यादीतल्या तिसाव्या ओळीवर जाऊन जे वजन असेल ते उचलून आणतो. बस.

आणि यादी कशी, तर एकतीस पेशंट आणि अठ्ठेचाळीस ओळी. मधल्या सतरा रिकाम्या. माणूस गेला की ताई त्याची ओळ पुसायच्या, पण ओळ काढायच्या नाहीत, आणि त्याचा नंबर दुसऱ्याला द्यायच्या नाहीत. पेशंटनाही हे माहीत आहे. नवा कुणी आला की जुने त्याला सांगतात, इथे कुणाच्या जागेवर कुणाला बसवत नाहीत. ऐकायला चांगलं वाटतं. पण फाईल म्हणजे काही आठवणींचं कपाट नव्हे.

गुरुवार, ६ मार्च

रिकाम्या ओळी काढून टाकल्या. सतराच्या सतरा. यादी कशी सुबक दिसायला लागली. मग कॉपी करून नव्या फाईलमध्ये नेली आणि जुनी फाईल सेव्ह न करता होती तशीच बंद केली.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी पेशंट यायच्या आधी कालची वजनं घालून पाहिली. एका आजींचं अकरा लिटर पाणी काढा म्हणतंय. एकाच्या अंगात उलट नऊ लिटर भरा म्हणतंय. लंबू मागे उभा होता. लंबू म्हणजे माझ्या बरोबरीचा टेक्निशियन, दरवाजातून वाकून येतो म्हणून लंबू. तो म्हणाला, "ताई असत्या तर आज तुझं काही खरं नव्हतं."

कारण लगेच कळलं. ओळी वर सरकल्या होत्या आणि नंबर जुनेच होते. जुनी फाईल परत उघडून पहिल्यापासून करता आलं असतं. पण लंबू बघत होता आणि मला तेवढी नामुष्की नको होती. म्हणून ज्यांचे आकडे वेडेवाकडे दिसले, त्या बावीस जणांचे नंबर एकेक करून हाताने बदलले. बाकीच्या नऊ जणांचे आकडे ठीक दिसत होते, त्यांना हात लावला नाही.

साडेनऊला सगळं जागेवर. पहिली पाळी आजच्यापुरती जुन्याच फाईलवर वेळेवर सुरू केली, नवी सोमवारपासून वापरायची. लंबूने चहा पाजला. खरं सांगायचं तर आज मला स्वतःचं कौतुक वाटलं. ताईंना जे जपायला अकरा वर्षं लागली ते मी चार दिवसांत आवरलं.

ताईंचा दुपारी फोन आला होता. उचलला नाही.

सोमवार, १० मार्च

टेलरकाकांच्या पायात गोळे आले, तेही दोन्ही पायांत. तिसऱ्या तासाला ओरडलेच. काका सहसा ओरडणारे नव्हेत. साठ वर्षांचे, बारीक, येतात ते इस्त्रीचा शर्ट घालून. मला 'सुईवाल्या बाई' म्हणतात. "आपण दोघं एकाच धंद्यातले," हा त्यांचा विनोद मी चार वर्षं ऐकते आहे आणि चार वर्षं हसते आहे.

आज वजन साठ भरलं होतं. तीन लिटर काढायचं होतं. काका म्हणाले, "आज जास्त काढताय का हो?" मी म्हटलं, "काका, कॉम्प्युटर सांगतो तेवढंच काढतो. पाणी कमी प्या, म्हणजे कमी काढू." सगळे हसले. काकाही हसले, पाय चोळत.

त्यांचं २८ तारखेला ऑपरेशन आहे. मुलगी किडनी देणार आहे. ती बेकरीत कामाला आहे, पहाटेची पाळी करून थेट इथे येते आणि खुर्चीत बसल्या बसल्या पेंगते. दीड वर्ष तपासण्या चालल्या होत्या. एवढ्या जवळ आल्यावर काकांनी जिभेला आवर घालायला हवा.

बुधवार, १२ मार्च

काकांना चक्कर आली. उठताना लंबूने धरलं म्हणून बरं. दोन लिटर काढलं, काही फार नव्हे. मुलगी म्हणाली, घरी नुसते पडून असतात, शिवणाच्या मशीनला दोन दिवस हात लावलेला नाही. मी म्हटलं, ऑपरेशनचं टेन्शन असेल. तिलाही ते पटलं.

ताईंचे दोन मिस्ड कॉल. नवरा म्हणाला, "उचल की. म्हातारी बाई आहे, घरी बसून कंटाळली असेल." मी म्हटलं, ती बाई कंटाळा घालवायला फोन करत नाही, चुका काढायला करते.

शुक्रवार, १४ मार्च

आज काका गेले होते. म्हणजे दोन-तीन मिनिटं मला तसंच वाटलं. बीपी सत्तर, मग लागेचना. डोळे वर, ओठ पांढरे. खुर्ची मागे पाडली, पाय वर घेतले, सलाईन सोडलं, लंबूने मशीनचं पाणी काढणं थांबवलं. मुलगी भिंतीला टेकून उभी होती आणि एकच वाक्य म्हणत होती, "बाबा, इकडे बघा." काकांनी बघितलं तेव्हा मी बीपीचा पट्टा पुन्हा बांधला.

डॉक्टर आले. तीन वेळा लागोपाठ झालं म्हणजे हृदय थकलेलं असणार म्हणाले. इतकं पाणी काढलेलं सोसत नाही, तर ऑपरेशन कसं सोसेल? तूर्त फाईल बाजूला ठेवा आणि प्रत्येक वेळी एकच लिटर काढा, असं मला सांगितलं. २८ तारीख रद्द. तीन महिन्यांनी पुन्हा बघू.

घरी येऊन जेवले नाही. नवरा शेजारी येऊन बसला.

सोमवार, १७ मार्च

काका आज एका लिटरवर बरे होते. मुलगी बाहेर गेल्यावर मला म्हणाले, "बाई, एक काम करा. डॉक्टरांना सांगा, तीन महिन्यांनी नको आणि कधीच नको. हृदयच चाललं नाही तर पोरीची किडनी माझ्याबरोबर जळून जाईल. तिच्या अंगात आहे तिथे बरी आहे."

मी म्हटलं, असं बोलू नका. दुसरं काय म्हणणार? ते म्हणाले, "मी तिला आज रात्री सांगणार. तुम्ही फक्त माझ्या बाजूने बोला." मी मान हलवली. हलवायला नको होती.

बुधवार, १९ मार्च

मुलगी रडून आली होती. बापलेकींचं कडाक्याचं भांडण झालंय. काका हटून बसलेत. ती म्हणाली, "दीड वर्ष मी यांच्या मागे लागले तेव्हा कुठे हो म्हणाले होते. आता परत शून्यावर."

दुपारी ताईंचा फोन आला. यावेळी उचलला. का उचलला सांगता येत नाही, कुणाशी तरी बोलायचं होतं एवढंच. हॅलो नाही, कशी आहेस नाही. ताईंनी पहिलंच विचारलं, "अगं, रिकाम्या ओळी काढल्या नाहीस ना?"

मी म्हटलं, "नाही."

म्हणाल्या, "मग ठीक. त्यांना हात लावू नकोस, एवढंच सांगायचं होतं." फोन ठेवला.

ठेवल्या ठेवल्या मी कॉम्प्युटरकडे गेले. फाईल उघडली. काका आधी नंबर तीसवर होते. त्यांच्या वर अकरा ओळी रिकाम्या होत्या, म्हणजे आता ते एकोणिसाव्या ओळीवर आहेत. 'आज'मध्ये त्यांच्या नावापुढे अजून तीसच आहे. नव्या यादीत तिसाव्या ओळीवर दुसरेच गृहस्थ आहेत, त्यांचं ड्राय वेट सत्तावन्न. काकांचं साडेअठ्ठावन्न.

दीड किलोचा फरक. म्हणून आकडा वेडावाकडा दिसला नव्हता. त्या दिवशी ठीक दिसलेले नऊ जण पुन्हा एकेक तपासले. आठ जण पहिल्या रिकाम्या ओळीच्या वर होते, म्हणून खरोखरच ठीक होते. नववे काका. मग उरलेले बावीसही पेशंटच्या ड्राय वेट लिहिलेल्या कार्डांशी ताडून पाहिले, सगळे बरोबर निघाले. एकटे काका चुकले.

तीन वेळा, प्रत्येक वेळी दीड लिटर जास्त. ते विचारत होते, जास्त काढताय का. मी विनोद केला.

गुरुवार, २० मार्च

नंबर बदलला. तीसचे एकोणीस केले. दोन सेकंदांचं काम.

आता काकांना काही होणार नाही. बीपी पडणार नाही. तीन महिन्यांनी डॉक्टर बघतील, म्हणतील सुधारणा आहे, ऑपरेशन होईल. कुणाला काही सांगायची गरज काय? असं सकाळी वाटलं. दुपारपर्यंत मी ते स्वतःला इतक्यांदा सांगितलं की खरंच वाटायला लागलं.

पण काका तीन महिन्यांनी तयार होणार नाहीत. ते हृदय खराब आहे असं धरून चाललेत आणि मनातल्या मनात आवराआवर करतायत. काल मुलीला म्हणाले म्हणे, शिवणाचं मशीन विकून टाक. तीन महिने तो माणूस खोटं ओझं घेऊन जगणार, आणि ते ओझं मी दिलेलं.

नोकरी जाईल. जाईलच असं नाही, पण जाईल. मुलाची फी, घराचं भाडं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी भित्री आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. तडफदार म्हणून मिरवत होते.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "एकदा माझ्या बसखाली एकाचा पाय येता येता राहिला. मी कुणाला सांगितलं नाही. अजून त्या वळणावर ब्रेक मारतो." एवढंच म्हणाला आणि पाणी भरायला उठला.

मग ताईंना मी फोन केला. म्हटलं, "काल खोटं बोलले. ओळी काढल्या." आणि पुढचं सगळं सांगितलं, शनिवारी डॉक्टरांना सांगणार आहे हेही. एकवीस मिनिटांची तयारी ठेवली होती. त्यांनी झापलं नाही. म्हणाल्या, "चूक माझी पण आहे. मला एकच फॉर्म्युला येत होता गं. कुणीतरी शिकवलेला. ओळ हलली नाही तर तो चुकत नाही, एवढं कळलं होतं. म्हणून कुणाला हलवू द्यायची नाही. आणि हे कुणाला सांगायची लाज वाटायची."

मी विचारलं, "म्हणजे ते गेलेल्यांसाठी नव्हतं?"

"आधी फॉर्म्युल्यासाठीच होतं. मग एकेक जण जायला लागला, तसं त्यांच्यासाठी झालं." पुढे म्हणाल्या, "मी येऊ का शनिवारी? डॉक्टरांसमोर तुझ्याबरोबर उभी राहते."

नको म्हटलं. फोन ठेवल्यावर रडले. आठ वर्षांत मी या बाईला एकदाही जेवलात का म्हणून विचारलेलं नाही.

शनिवार, २२ मार्च

सांगितलं.

डॉक्टरांच्या खोलीत काका, मुलगी आणि मी. दोन कागद नेले होते, जुनी यादी आणि नवी. डॉक्टर आधी कागद बघत राहिले, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही. "लेखी द्या," म्हणाले. "चौकशी होईल. तोवर मशीनवर जायचं नाही आणि फाईलला हात लावायचा नाही."

मुलगी म्हणाली, "किती काढलंत जास्त?"

"तीन वेळा मिळून साडेचार लिटर."

तिने हाताने बाटलीएवढी उंची दाखवली, मग दुसरी, मग तिचा हात खाली आला. "मी इथेच बसले होते," म्हणाली. "शेजारी. तुम्ही हसत होतात." मी माफी मागितली. ती खिडकीकडे बघत राहिली.

काका मात्र वेगळ्याच विचारात होते. "म्हणजे माझं हृदय बरं आहे?" डॉक्टर म्हणाले, सोमवारी पुन्हा तपासू, पण हे असं असेल तर काळजीचं कारण दिसत नाही. काका माझ्याकडे वळले. "बाई, दुसऱ्याचं माप लावलंत मला. कापड असतं तर उसवून दिलं असतं." रागावले होते. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना रागावलेलं पाहिलं. पण बोलता बोलता त्यांचा हात मुलीच्या खांद्यावर गेला आणि तिथेच राहिला.

मंगळवार, २५ मार्च

दोन दिवस बाहेरच्या टेबलावर बसते. नावं लिहून घेते, वजनकाट्यावर उभं राहा म्हणते. लोक बघतात. सगळ्यांना कळलंय. एका आजींनी माझ्या हातातून कार्ड ओढून घेतलं आणि स्वतःच वाचलं. बरोबर केलं.

काकांचं हृदय ठणठणीत निघालं. २८ तारीख परत मिळाली. ती जागा अजून कुणाला दिली नव्हती, हे नशीब. काका तयार झाले म्हणे, फार आढेवेढे न घेता.

काल लंबूने त्यांना सुई लावली. तीनदा टोचावी लागली. काकांच्या हातातली शीर फसवी आहे, बोटाखालून सरकते. आतून काकांचा आवाज ऐकू येत होता आणि मी बाहेर टेबलाची कड धरून बसले होते.

बुधवार, २६ मार्च

ऑपरेशनआधीचं शेवटचं डायलिसिस. सकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "आत या. आजच्यापुरतं. मी शेजारी उभा आहे." मला वाटलं काकांनी सांगितलं असेल. खुर्चीजवळ गेले तर मुलगी म्हणाली, "मी सांगितलं. बाबांची शीर तुमच्याशिवाय कुणाला सापडत नाही, म्हणून. बाकी काही नाही."

मी हो म्हटलं.

"आधी सांगा, किती काढणार?"

मी कॉम्प्युटरकडे गेले नाही. कागद घेतला, वजनकाट्यावरचा आकडा लिहिला, साठ पॉइंट चार. खाली कार्डावरचं ड्राय वेट, अठ्ठावन्न पॉइंट पाच. ती म्हणाली, "थांबा." तिने पर्समधून बिलाचा एक कागद काढला, उलटा केला आणि स्वतः वजाबाकी मांडली. आकड्याखाली आकडा, हातचे घेत, सावकाश. एक पॉइंट नऊ. माझा कागद मागून घेतला, दोन्ही शेजारी धरले. मग डॉक्टरांना दाखवले. मग म्हणाली, "लावा."

शीर पहिल्या फटक्यात मिळाली. काकांनी डोळे मिटले. डॉक्टर दहा मिनिटं थांबून गेले.

चार तास ती जागी होती. पेंगली नाही. दर अर्ध्या तासाने बीपीचा आकडा तिच्या कागदावर लिहीत होती. मी बाजूच्या स्टुलावर बसले होते. काका झोपले, थोडे घोरलेही.

शेवटच्या तासात तिने पेन खाली ठेवलं. बाहीवरचं पीठ झटकलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "परवा मला कापतील, त्यानंतर दुखतं का? सगळे म्हणतात काही कळत नाही. तुम्ही खरं सांगा."

"दुखतं," मी म्हटलं. "पहिले दोन दिवस फार दुखतं. खोकताना सगळ्यात जास्त. मग कमी होत जातं."

तिने मान हलवली. वडिलांच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, "खोकताना काय करायचं?"

मी स्टूल तिच्याजवळ ओढलं आणि उशी पोटाशी कशी धरायची ते तिला दाखवलं.